राखणदाराचे प्रश्न

बँकेनं बोलावून सत्कार करावा असं हेमलताबाई कासारांनी आयुष्यात काहीही केलं नव्हतं. कर्ज वेळेवर फेडलं होतं आणि लॉकरची किल्ली हरवली नव्हती, एवढंच काय ते. पण दिवाळी होऊन आठवडा झाला नाही तोच कोयनातीर नागरी सहकारी बँकेच्या कराड शाखेतून निरोप आला, की ग्राहक मेळाव्यात शाल-श्रीफळ देऊन त्यांचा गौरव होणार आहे. त्यांच्या राखणदारानं एका भामट्याला तब्बल अडीच महिने झुलवत ठेवलं होतं. शाखेतला हा उच्चांक होता.

"म्हणजे सत्कार राखणदाराचा आहे," विलासराव म्हणाले. "तू फक्त त्याच्या वतीनं नारळ घ्यायचास."

"घरात तो तुमच्यामुळे आला. तुम्हीच घ्या नारळ," हेमलताबाई म्हणाल्या.

चार वर्षांपूर्वी विलासरावांना बँकेची ई-मेल आली होती. खातं संध्याकाळपर्यंत गोठेल, तपशील ताबडतोब भरा. बोधचिन्ह बँकेचंच, सही शाखाधिकाऱ्यांचीच, आणि खाली आणखी एक ओळ: 'आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल अशी आशा आहे.' त्या ओळीनं घात केला. गुडघ्यासाठी ठेव मोडली होती हे बँकेवाचून कोणाला कळणार, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर मुलांकडून कवायत करून घेतलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी समोरचा चहा गार व्हायच्या आत गेली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. विलासराव पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. गॅस सिलिंडरवाल्याला ते ओळखपत्र मागत.

तसे ते एकटे नव्हते. भामट्यांच्या हाती अशी यंत्रं आली होती, की मुलाचा आवाज, सुनेचा चेहरा, साहेबाची सही, काय म्हणाल ते हुबेहूब मिळायचं. व्हिडिओ कॉलवर पोटच्या पोरीशी बोललो म्हणून माणसं पैसे पाठवून बसत आणि पोरगी शेजारच्या खोलीत झोपलेली असे. अनोळखी लिंक उघडू नका, घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, संशय आला तर स्वतः बँकेत फोन करा, हे जुने सल्ले पाठ असलेली माणसंच फसू लागली. तेव्हा बँकांनी ई-मेल राखणारं स्वतःचं यंत्र, राखणदार, आणलं आणि लोक मुकाट्यानं पुन्हा ई-मेलकडे वळले, कारण राखण तिथे सगळ्यांत पक्की होती.

राखणदाराचं शास्त्र सांगायला सोपं आहे. चालण्याला ढब असते तशी प्रत्येकाच्या लिहिण्यालाही असते. कोण कुठे थांबतो, कोणता शब्द पुन्हा पुन्हा घेतो, कोणती चूक न चुकता करतो, हे ज्याचं त्यालाही ठाऊक नसतं. राखणदार तुमची वर्षानुवर्षांची ई-मेल वाचून तुमच्या प्रत्येक माणसाचा असा ठसा काढून ठेवतो. चेहरा चोरता येतो, आवाज चोरता येतो; हा ठसा चोरायचा तर चोराला तुमची सगळी पत्रं लागतील. ठसा जुळला की ई-मेल आत. जुळला नाही की राखणदार चार खुणा तपासतो. पत्ता नवा आहे का, मजकुरात घाई आहे का, कोणाला सांगू नको असं म्हटलंय का, आणि खात्याची चौकशी आहे का. चारही खुणा पटल्या की तो भामटा, यात शंका उरत नाही.

पण नुसतं दार लावलं तर भामटा शेजारच्या दारात जातो. म्हणून त्याला ओट्यावरच बसवून ठेवायचं. राखणदार मालकाच्या ठशात, त्याच्याच लकबीनं उत्तर पाठवतो आणि वर प्रश्न विचारतो. 'हो' किंवा 'नाही' म्हणून संपेल असा प्रश्न तो कधीही विचारत नाही, कारण तिथे बोलणं मिटतं. तो विचारतो, तेव्हा काय झालं होतं, कसं होतं, सांग ना. खोटं बोलणाऱ्याला लांबलचक उत्तरं रचावी लागतात, आणि तेवढा वेळ तो दुसऱ्या कोणाच्या मागे लागत नाही.

हे चाललेलं बोलणं मालकाला रोज दाखवायचं की सगळं संपल्यावर, हे बँक आधी विचारून घेई. हेमलताबाईंनी क्षणभरही विचार केला नव्हता. "मला कशाला रोज दाखवताय? वेळ कुठे आहे? संपलं की सांगा."

वेळ नसणं ही हेमलताबाईंची जुनी खोड होती. महिला मंडळ, शिवणवर्ग, विलासरावांची पथ्यं, सोसायटीच्या पाण्याची भांडणं. चंद्रपूरला त्यांचा थोरला भाऊ होता, रमाकांतदादा. औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेला, वहिनी दोन वर्षांपूर्वी गेलेल्या, मुलगा नचिकेत कॅनडात. दादा दर महिन्याला बहिणीला लांब ई-मेल लिही. अंगणातल्या पपईपासून नातवाची स्वप्नं बघण्यापर्यंत सगळं त्यात असे. हेमलताबाईंचं उत्तर दोन ओळींचं. 'वाचलं रे. सवडीनं लिहिते. जेवलास का?' ती सवड काही आली नाही. वहिनींच्या वर्षश्राद्धालाही त्या गेल्या नाहीत, शिवणवर्गाच्या परीक्षा होत्या. तेव्हा दादानं पहिल्यांदा एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं: 'तुला वेळ कधी असतो, हेमे?'

या वर्षी श्रावणापासून त्याची ई-मेल आली नव्हती. गणपतीत हेमलताबाईंनी शुभेच्छा पाठवल्या, त्यालाही उत्तर नाही. भाऊबीजेला तो न चुकता त्यांच्या खात्यात ओवाळणी टाकी. यंदा तीही आली नाही. त्यांनी चंद्राला ओवाळलं आणि ताट खाली ठेवताना विलासरावांना म्हणाल्या, "फारच रागावलाय. राहू दे. मीही फोन करणार नाही."

मेळाव्याला नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. दरवर्षीचा सगळ्यांत लाडका कार्यक्रम शेवटी असे: भामट्याची फजिती. निवडक बोलणं नावं गाळून वाचून दाखवायचं. शाखाधिकारी गायत्री जंगम कॉलेजात असताना एकांकिकांतून कामं करायच्या, त्यामुळे दोन्ही आवाज त्याच काढत. हेमलताबाई शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन व्यासपीठावर बसल्या होत्या. पहिल्या रांगेत विलासराव मान ताठ करून बसले होते. चार वर्षांत ते असे बसले नव्हते.

"हा भामटा फार स्वस्तातलं यंत्र वापरत होता," जंगममॅडम म्हणाल्या. "त्याचं मराठी ऐका." आणि घोगरा आवाज काढून त्यांनी वाचलं, "'मी भाऊ. पत्ता नवा. जुना उघडेना, चेहरा. हात डावा. बोलणं गेलं. खाता कळव लवकर, ओवाळणी. पोराला नको सांगू.'"

सभागृह खदखदलं. "हात डावा!" कोणीतरी मागून ओरडलं.

"भाऊबीज जवळ आली की भाऊ फार उगवतात," जंगममॅडम म्हणाल्या. "आता आपल्या ताईंचा राखणदार काय म्हणतो बघा. 'अरे बापरे, काय सांगतोस! बघते हं. या आठवड्यात फार गडबड आहे रे. पण आधी मला सांग, लहानपणी सुट्टीत आपण काय काय करायचो? मला सगळं नीट आठवत नाही.'"

"हुबेहूब!" विलासराव शेजारच्याला म्हणाले. "अगदी हीच बोलतेय असं वाटतं."

हेमलताबाईही हसल्या. त्यांना मनातून जरा बरंही वाटलं होतं.

"भामटा म्हणतो, 'बोरं. मीठ. डबा तू लपवला. गादीखाली. मुंग्या.'" हशा. "राखणदार म्हणतो, 'अय्या, हो का! मग पुढे काय झालं? आणि आपण राहायचो तिथलं तुला काय आठवतं?' आता भामट्याची प्रतिभा ऐका. 'एसटी कॉलनी. हौद. तू आत. मी वेणी धरून ओढली. आईला नाही सांगितलं. तू म्हणालीस शपथ.'" जंगममॅडमनी हात हवेत धरून वेणी ओढल्याचा अभिनय केला. "बघा, भाऊ बहिणीला वेणी धरून ओढतो, आणि वर ओवाळणी!"

सगळे हसत होते. हेमलताबाईंच्या मांडीवरचा नारळ गडगडत व्यासपीठाच्या कडेपर्यंत गेला.

"थांबा," त्या म्हणाल्या. ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे नव्हता, त्यामुळे पहिल्या रांगेलाच ऐकू गेलं. मग त्या उठल्या आणि जंगममॅडमच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला. "हसू नका. हा भामटा नाही. हा माझा दादा आहे."

मागच्या रांगांना हाही कार्यक्रमाचाच भाग वाटला. तिथे अजून हसणं चालू होतं.

"ताई, असंच वाटतं," जंगममॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांना सगळं ठाऊक असतं. घरातली नावं, जुने फोटो..."

"हे कोणालाही ठाऊक नाही. मी आठ वर्षांची होते, हौदात बुडत होते. आईच्या गळ्याची शपथ घातली होती मी त्याला. ह्यांनाही कधी सांगितलं नाही." त्यांनी विलासरावांकडे बघितलं. विलासराव उभे राहिले होते आणि त्यांना काय करावं ते कळत नव्हतं.

शाखेतल्या केबिनमध्ये बसून त्यांनी सगळं बोलणं पहिल्यापासून वाचलं. जंगममॅडमनी नावं पुन्हा जागच्या जागी आणून दिली, आणि प्रत्येक ई-मेल 'हेमे' या हाकेनं सुरू होऊ लागली. श्रावणात दादाला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि शब्द हाताशी येईनासे झाले. अर्धा चेहरा ओघळला, म्हणून त्याचा स्वतःचा फोन त्याला ओळखेना. जुनी ई-मेल, जुने नंबर सगळं त्यात कुलूपबंद. काळजी घेणाऱ्या नीलाबाईंनी नवा पत्ता काढून दिला होता, आणि बहिणीचा पत्ता तेवढा त्याला पाठ होता. नचिकेतच्या बायकोचे दिवस भरत आले होते, तो सगळं टाकून धावत येईल म्हणून त्याला कळवायचं नव्हतं. नवा पत्ता, घाई, गुपित, खातं. चारही खुणा होत्या. आणि ज्याचा मेंदूच एका बाजूनं विझला, त्याचा ठसा कसला जुळणार?

"दोनदा फोनही आला होता," जंगममॅडम खाली बघत म्हणाल्या. "नीलाबाईंचा असावा, तुमचा नंबर जुन्या डायरीत सापडला असेल. अनोळखी नंबरचे फोनही राखणदारच घेतो, त्यानं तुमच्या आवाजात उत्तर दिलं. 'आत्ता बाहेर आहे, नंतर करते.'" मग त्या म्हणाल्या, "खऱ्या संकटातला माणूसही घाईच करतो, ताई. तोही लपवतो. आमच्या चार खुणा त्यालाही लागू पडतात, हे आम्ही धरलंच नव्हतं."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," विलासराव म्हणाले. "मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो गं."

हेमलताबाई वाचत होत्या. 'ये ना एकदा,' दादानं किती वेळा लिहिलं होतं. आणि राखणदारानं त्यांच्या ठशात उत्तर दिलं होतं: 'येते रे, नक्की येते. जरा सवड मिळू दे.' 'बघते हं.' 'पुढच्या महिन्यात जमवते.' त्या मनाशी विचारत होत्या की दादाला संशय कसा आला नाही? एवढा हुशार माणूस, बहिणीच्या नावानं कोणी दुसरंच लिहितंय हे त्याच्या लक्षात कसं आलं नाही? तिसऱ्यांदा 'सवड मिळू दे' वाचलं तेव्हा त्यांना कळलं. संशय यावा असं त्यात काही नव्हतंच. यातलं एकेक वाक्य त्यांनी स्वतः कधी ना कधी त्याला लिहिलेलं होतं.

फक्त प्रश्न त्यांचे नव्हते. आई कोणती गाणी म्हणायची, वहिनी पहिल्यांदा घरी आली तो दिवस कसा होता, हल्ली झोपताना तुझ्या मनात काय येतं. दादानं एका हातानं, एकेक शब्द शोधून सगळ्यांची उत्तरं दिली होती. एका ठिकाणी लिहिलं होतं: 'हेमे. इतकं तू कधी नाही विचारलं. बरं वाटतं.'

शेवटची ई-मेल राखणदाराची होती, भाऊबीजेच्या आदल्या दिवशीची. वेळकाढूपणाची मुदत संपली की भामट्याला पाठवायचा ठरलेला मजकूर: 'तुझं सगळं ढोंग मला पहिल्यापासून माहीत आहे. तुझी माहिती पोलिसांत दिली आहे. पुन्हा लिहिलंस तर याद राख.' खाली नाव, हेमलता. त्यानंतर तो पत्ताही कायमचा बंद केलेला होता.

त्यांनी तिथूनच नचिकेतला फोन लावला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. 'बाबांचा फोन बिघडलाय, बाबा ठीक आहेत,' एवढंच उत्तर तो नीलाबाईंना फोन करी तेव्हा त्याला मिळत होतं. तो रडायला लागला तेव्हा हेमलताबाई म्हणाल्या, "तू बायकोपाशी राहा. मी जाते." 'जाते' हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला, की त्यांच्या त्यांनाच लाज वाटली.

चंद्रपूरच्या घराचं दार नीलाबाईंनी उघडलं. ठेंगणी, पदर खोचलेली बाई. त्यांनी पाहुणीला नखशिखांत न्याहाळलं.

"तुमीच का जी हेमाताई?"

"हो."

"दिवसभर तुमच्याच चिठ्ठीची वाट पाहात राहायचे साहेब. माह्याकडून उशी नीट करून घ्यायचे अन् लिहित बसायचे. अन् मग तुमी असं काहून लिहिलं जी? दिवाळीत दोन दिवस त्यायनं भाताला हात नाही लावला."

हेमलताबाईंनी चपला दाराशी काढल्या. त्या आत गेल्या.

दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. त्यानं बहिणीकडे बघितलं, आणि चेहऱ्याची डावी बाजू हसली की घाबरली ते समजेना. त्यानं टॅबलेट जवळ ओढला. बऱ्याच वेळानं पडद्यावर शब्द उमटले: 'पोलीस?'

"नाही रे दादा!" हेमलताबाई त्याच्या पायाशीच बसल्या. येताना गाडीत त्यांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. शेवटची ई-मेल यंत्रानं चुकून पाठवली, बाकीचं सगळं मीच लिहिलं होतं, असं सांगायचं. अर्धं खोटं, अर्धं खरं. त्यानं धमकी पुसली जाईल आणि प्रश्न त्याच्यापाशी राहतील. दोन्ही एकाच हातानं लिहिलेली होती. धमकी नाकारायची तर खरं म्हणजे प्रश्नही नाकारावे लागत होते. पण त्याचा तो अर्धा ओघळलेला चेहरा समोर आल्यावर त्यांना ते जमलं नाही. अडीच महिने कोणीतरी त्यांच्या नावानं त्याच्याशी खोटं बोललं होतं, त्यात आता आपण भर घालायची?

त्यांनी राखणदाराचं सगळं सांगितलं. ठसा, खुणा, मेळावा, शाल. लोक हसले तेही सांगितलं. मीही हसले, हेही. "पोलिसांचं मी लिहिलं नाही. त्यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नाही."

दादा ऐकत होता. किती समजत होतं कोण जाणे. त्याचं बोट पडद्यावर बराच वेळ फिरलं.

'प्रश्न?'

हेमलताबाईंनी मान हलवली. "तेही नाही, दादा."

त्यानं टॅबलेट उपडा करून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर पपईचं झाड होतं, ज्याच्याबद्दल त्यानं पाच-सहा वर्षं लिहिलं होतं आणि हेमलताबाई ते आज पहिल्यांदा बघत होत्या. स्वयंपाकघरात नीलाबाईंनी कुकर लावला. कुकरच्या शिट्ट्या थांबल्या तरी तो वळला नाही. आपण सांगायला नको होतं, असं हेमलताबाईंना वाटलं, आणि न सांगता इथे बसता आलं नसतं, असंही वाटलं.

मग त्यानं टॅबलेट सरळ केला. डाव्या हाताचं बोट एकेका अक्षरापाशी थांबत गेलं.

'आता तू विचार.'

हेमलताबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना काहीही सुचेना. यंत्राला इतके प्रश्न सुचले होते. ते सगळे चांगले होते, पण आता त्यातला एकही त्यांना वापरता येत नव्हता. भावाला काय विचारायचं असतं? त्याला काय दुखतं, कशाची भीती वाटते, वहिनीविना घर कसं वाटतं, आपल्यावर तो किती रागावलाय, हे विचारायला तोंड हवं, आणि ते तोंड आपण वर्षानुवर्षं मिटून ठेवलं होतं. तो वाट बघत होता. त्याचं बोट हवेत तसंच होतं.

"जेवलास का?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

दादाच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. या वेळी ते हसूच होतं. त्यानं फार वेळ न घेता लिहिलं, जणू हे शब्द शोधावे लागलेच नाहीत:

'ही तूच.'

हेमलताबाईंनी त्याचा निर्जीव उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या ढसाढसा रडल्या. त्यानं ओळखलं म्हणून नव्हे. आपल्याला ओळखायला इतक्या वर्षांत आपण त्याला एवढंच दिलं होतं, म्हणून.